पाहुणा की गिऱ्हाईक? हुरडा पार्टीच्या निमित्ताने शहरी सहलीचा विचार



मागच्या दोन भाषणांत आपण कर्तव्य आणि इच्छा यांच्या नात्यावर बोललो. ती भाषणं जरा जड झाली, असं तुमच्यापैकी काहींनी कळवलं. एका श्रोत्याने तर लिहिलं, 'सर, पुढच्या वेळी रविवारी ऐकता येईल असं काहीतरी बोला.' म्हणून आज रविवारच घेतलाय. शहरातली माणसं शनिवार-रविवारी बाहेर पडतात, त्या बाहेर पडण्याविषयी बोलायचं आहे. विषय हलका आहे खरा. पण विषय हलका असला म्हणजे विचारही हलका करून चालतो, असं नाही.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. सहलीवर टीका करणारा म्हातारा हा मराठीतला जुना आणि कंटाळवाणा प्राणी आहे. 'आमच्या वेळी असं नव्हतं' एवढंच त्याला सांगायचं असतं. मला ते सांगायचं नाही. सांगायला लागलो, तर मला थांबवा.

या जानेवारीतली गोष्ट. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि मी असे पुण्याहून निघून हुरडा पार्टीला गेलो. दीड-दोन तासांचा रस्ता. माणशी बाराशे रुपये, मुलांना निम्मे, पैसे आधीच मोबाइलवरून भरलेले. गेटवर हलगी वाजत होती. कपाळाला गंध लावलं, डोक्याला फेटा बांधला, हातात कोकम सरबताचा पेला दिला आणि मनगटाला एक हिरवा कागदी पट्टा चिकटवला. पट्टा कशासाठी, असं मी विचारलं. मुलगा म्हणाला, 'बाबा, पैसे भरलेत हे कळायला.' म्हणजे कपाळावर पाहुण्याची खूण आणि मनगटावर गिऱ्हाइकाची. आजचं माझं सगळं बोलणं त्या कपाळाच्या आणि मनगटाच्या मधलं आहे.

आत कार्यक्रमाचा मोठा फलक होता. नऊ वाजता नाश्ता, दहाला बैलगाडी, अकराला 'अनलिमिटेड' हुरडा, साडेबाराला जादूचे प्रयोग, एक वाजता 'चुलीवरचं अस्सल गावरान जेवण', तीनला ट्रॅक्टरवरून फेरी, मग पतंग, कुंभाराचं चाक, चारला भजी आणि चहा, पाचला निरोप. मी आयुष्यभर मजकूर वाचून त्यातल्या संकल्पना सोडवत बसलो. सवय जात नाही. तो फलक मी एखाद्या ग्रंथाचं पान वाचावं तसा वाचला.

पहिला शब्द, 'अनलिमिटेड'. ज्यांनी हुरडा खाल्लेला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. रब्बीच्या ज्वारीचं कणीस भरतं तेव्हा दाणा आधी दुधात असतो, मग चिकात येतो, आणि कडक होण्याआधी जेमतेम आठ-दहा दिवस तो हिरवा, गोड आणि मऊ असतो. ज्वारी हुरड्यात आली, असं आपण म्हणतो ते तेव्हा. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांचा विस्तव करायचा, ती आगटी. कणसं निखाऱ्यात भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, सुपात पाखडायची, आणि लसणाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही यांच्याबरोबर खायची. चोळणाऱ्याचे हात भाजतात. खाणारा जास्त आणि चोळणारा एक, म्हणून खाणाऱ्याला थांबावं लागतं. या पदार्थाची सगळी चव त्याच्या मर्यादेत आहे. ऋतूची मर्यादा, दाण्याच्या वयाची मर्यादा, चोळणाऱ्याच्या हाताची मर्यादा. त्यालाच आपण 'अनलिमिटेड' हा शब्द चिकटवला.

आता शेतकरी हुशार आहे. तो टप्प्याटप्प्याने पेरणी करतो, म्हणजे डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत कुठला ना कुठला तुकडा हुरड्यात असतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी 'फुले मधुर'सारखे वाण काढले आहेत. यात मला काही वावगं वाटत नाही, उलट कौतुकच आहे. माझा प्रश्न खाणाऱ्याच्या बाजूचा आहे. 'अनलिमिटेड' म्हटल्यावर खाणाऱ्याच्या डोक्यात काय होतं? तो भूक मोजायचं सोडून पैसे मोजायला लागतो. माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ बायकोला म्हणाले, 'अजून घे गं, वसूल व्हायला पाहिजे.' दुपारी एक वाजता जेवणाच्या पंगतीत हेच गृहस्थ पोट धरून बसले होते. 'वसूल' हा शब्द लक्षात ठेवा. वसुली कर्जाची असते, साऱ्याची असते. आनंदाची वसुली हा आपल्या काळाचा शोध आहे.

दुसरा शब्द, 'चुलीवरचं'. पुण्यातून कुठल्याही दिशेला बाहेर पडा, हा शब्द रस्त्याकडेच्या पाट्यांवर भेटतो. चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी, चुलीवरची मिसळ, आता चुलीवरचा चहासुद्धा. माझ्या आईने चाळिशी उलटेपर्यंत चुलीवर स्वयंपाक केला. तिचे डोळे कायम लाल असायचे. घरात गॅस आला त्या दिवशी तिने सिलिंडरला हळदकुंकू वाहिलं होतं. २०१६ साली केंद्र सरकारने उज्ज्वला योजना सुरू केली, ती गरीब घरांतल्या बायकांची चुलीच्या धुरातून सुटका व्हावी म्हणून. आणि त्याच वर्षांत शहरातला माणूस चुलीचा धूर बघायला पैसे देऊन जाऊ लागला. हा दांभिकपणा आहे, असं मी म्हणत नाही. चव खरंच वेगळी लागते. पण धुराची चव खाणाऱ्याला मिळते आणि धूर भाकरी थापणारीला मिळतो, ही वाटणी आपण कोणाच्या नावावर खपवतो? 'अस्सल' या शब्दाच्या नावावर. अस्सल म्हणजे काय? जी गोष्ट आपण स्वतः सोडून दिली आणि दुसऱ्याने आपल्यासाठी धरून ठेवावी असं आपल्याला वाटतं, तिला आपण अस्सल म्हणतो.

तिसरा शब्द फलकावर नव्हता, भिंतीवर होता. अतिथीला देव मानायला सांगणारं उपनिषदातलं वचन तिथे रंगवलं होतं. पर्यटन खात्याच्या जाहिरातींमुळे ते आता विमानतळापासून ढाब्यापर्यंत सगळीकडे दिसतं. मूळ वचन तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आहे, आणि तिथला प्रसंग मोठा सुंदर आहे. शिक्षण संपवून घरी निघालेल्या विद्यार्थ्याला गुरू शेवटचा उपदेश करतो, त्यात ते येतं. म्हणजे हे वाक्य यजमानाने स्वतःला बजावायचं आहे. पाहुण्याने ते भिंतीवर वाचून 'चला, आज मी देव' असं समजायचं नाही. शिवाय 'अतिथी' या शब्दाची परंपरेने सांगितलेली फोड अशी, की ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. बुकिंग करून येणाऱ्याची तिथी ठरलेली असते, येण्याची वेळ ठरलेली असते, जाण्याचीही. तो दुसरं काहीही असेल, अतिथी नव्हे.

मग तो कोण? इथे मी थोडा इतिहासात जातो, कारण शहराबाहेर जाण्याच्या आपल्याकडे दोन वेगळ्या वाटा आहेत आणि हुरडा पार्टीत त्या एकमेकींत मिसळल्या आहेत.

एक वाट जुनी. माहेर, जत्रा, वारी, कुलदैवताचं दर्शन, कार्तिकात आवळ्याच्या झाडाखालचं आवळीभोजन. या सगळ्यात जाणाऱ्याला कुठेतरी कोणीतरी ओळखत असतं, किंवा तो देवाला तरी ओळखत असतो. तो काहीतरी घेऊन जातो आणि काहीतरी देणं बाकी ठेवून येतो. नवस हा त्या देण्याचाच एक प्रकार आहे.

दुसरी वाट इंग्रजांची. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानला चढून गेले आणि ते थंड हवेचं ठिकाण झालं. महाबळेश्वर त्याच्या आधीचं, माल्कम साहेबाच्या काळातलं. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या खटपटीतून नेरळहून माथेरानला छोटी गाडी गेली. मराठीत त्याला सुंदर शब्द आला, 'हवा खायला जाणे'. नीट बघा हं. हवा खायला जायचं, म्हणजे तिथल्या माणसाला भेटायला जायचं नाही. थंड हवेच्या ठिकाणी माणूस हवा तर असतोच, पण घोडा धरायला, सामान वाहायला, रिक्षा ओढायला. माथेरानला मोटारींना बंदी आहे, म्हणून माणसांनी ओढायच्या रिक्षा तिथे आपल्या डोळ्यांदेखत चालल्या. हवा, देखावा आणि सेवा, हा त्या सहलीचा साचा. त्यात यजमान नाही.

आजची हुरडा पार्टी म्हणजे हिल स्टेशनचा साचा आणि त्यात भरलेला माहेरचा मजकूर. फेटा, गंध, भाकरी, 'पोटभर जेवा' हा आग्रह हे सगळं माहेरचं. पट्टा, वेळापत्रक, माणशी दर हे हिल स्टेशनचं. महाबळेश्वरच्या हॉटेलात तुम्ही गिऱ्हाईक आहात हे दोघांनाही माहीत असतं, तिथे गोंधळ नाही. इथे गोंधळ विकत मिळतो. आपण पाहुणे आहोत असं चार तास वाटून घ्यायचं आणि पाहुण्यावर जे बंधन असतं ते मात्र घ्यायचं नाही, याचे ते बाराशे रुपये.

बंधन कसलं, तर परतफेडीचं. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली भेटवस्तूवर एक निबंध लिहिला. देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनं आहेत, आणि समाज त्या बंधनांनी विणलेला असतो, असं त्याचं म्हणणं. आपल्याला हे मोसने सांगायची गरज नाही. शेजारणीने वाटीभर काही दिलं तर वाटी रिकामी परत पाठवायची नाही, हे आपल्या घरात लहान मुलालाही कळतं. पैसे दिले की ही वाटी परत करायची राहत नाही. पैशाचं मोठेपण तेच, आणि त्याचा गारवाही तोच. हिशेब तिथल्या तिथे मिटतो. पाच वाजता निरोप, आणि दोघं एकमेकांचे कोणी नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, मग बिघडलं कुठे? आठवडाभर माणूस बंधनातच असतो. एक दिवस त्याला मोकळं असू द्या. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर देण्यासाठी रविवार आपल्याकडे आला कसा, ते बघायला हवं.

रविवारची सुट्टी आपल्याला आकाशातून मिळालेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत होते. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, असाही त्या मागणीचा एक आधार होता असं सांगतात. थोडा वेळ देवाला, थोडा घराला, थोडा समाजाच्या कामाला, अशी त्या सुट्टीची कल्पना होती. म्हणजे 'कशापासून सुटायचं' याबरोबर 'सुटून कुठे जायचं' हेही त्यात होतं. आपल्याकडे आता शनिवारही आला. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. सुटण्याचे दिवस वाढले. कुठे जायचं, हा प्रश्न फलकावरच्या वेळापत्रकाने सोडवला.

ॲरिस्टॉटलने इथे एक फरक केला आहे, तो मला फार उपयोगी वाटतो. करमणूक वेगळी आणि फुरसत वेगळी. करमणूक हे औषध आहे. कामाने थकलेल्याला ती पुन्हा कामाजोगा करते. म्हणजे करमणूक शेवटी कामाचीच चाकर. फुरसत मात्र कशासाठी नसते, उलट बाकीचं सगळं तिच्यासाठी असतं. फुरसतीला ग्रीक शब्द 'स्कोले', आणि त्यातूनच पुढे 'स्कूल' आलं. आपण सहलीबद्दल बोलताना शब्द कुठले वापरतो ते ऐका. रिफ्रेश झालो, रिचार्ज झालो, बॅटरी चार्ज करून आलो. हे मोबाइलचे शब्द आहेत. मोबाइल चार्ज करतात तो वापरण्यासाठी. वापरणारा कोण, हे सोमवारी कळतं.

थॉर्स्टीन व्हेब्लेनने १८९९ साली श्रीमंतांच्या रिकाम्या वेळाची टिंगल केली. लोकांना दिसेल असा वेळ वाया घालवणं हीच त्यांच्या प्रतिष्ठेची खूण आहे, असं तो म्हणाला. आज हे अर्धंच खरं राहिलं. दिसणं वाढलं आहे. त्या हुरड्याच्या आगटीभोवती हुरडा चोळणाऱ्यांपेक्षा त्याचे फोटो काढणारे जास्त होते. पण वेळ कोणाकडे होता? शहरातल्या माणसाकडे बाराशे रुपये होते, वेळ नव्हता. गेटाबाहेर पारावर गावातली पाच-सहा तरुण पोरं बसली होती. त्यांच्याकडे वेळच वेळ होता, काम नव्हतं. फुरसत दोघांकडेही नव्हती. एक जण घड्याळाकडे बघत होता आणि दुसरा मोटारींकडे.

इथपर्यंत माझी टीका छान जमत आली होती. मी जेवून लिंबाखाली खुर्ची टाकून मनातल्या मनात हे भाषणच रचत होतो. तेवढ्यात एक पन्नाशीचा माणूस आला, वाकून पाया पडला आणि म्हणाला, 'सर, ओळखलं का?' नव्हतं ओळखलं. नाव सांगितल्यावर आठवलं. तीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालेला मुलगा. शेवटच्या बाकावर बसायचा, उत्तरं तोडकी पण स्वतःची लिहायचा. ते सगळं शेत, ती आगटी, तो फलक त्याचा होता.

शिक्षक विद्यार्थ्यासमोर गप्प बसू शकत नाही. मी त्याला माझी पाहुणा आणि गिऱ्हाईक यांची थिअरी ऐकवली. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'सर, एक बोलू? आमच्याकडं हुरड्याला पाहुणे यायचेच की. तलाठी यायचे, फौजदार यायचे, पुण्याचे नातेवाईक यायचे, पुढारी तर गाड्या भरून यायचे. दीड-दोन महिने हेच. वडील नाही म्हणू शकायचे नाहीत. निम्मं शेत पाहुण्यांनीच खाल्लं. कणसं भाजायला गडी, भाकरी थापायला आई. तुम्ही वर्गात कांट शिकवला होता, माणसाला साधन म्हणून वापरायचं नाही. मग पाहुणे आले की माझी आई काय होती?'

मी म्हणालो, 'नुसतं साधन म्हणून, असं आहे ते.' जुनी खोड.

तो हसला. 'नुसतंच साधन होती, सर. तिला कोणी नाव विचारलं नाही. आता सहा बाया भाकरी थापायला येतात, रोजची हजेरी घेऊन जातात. ज्वारी बाजारात विकली तर काय मिळतं ते तुम्हाला माहीत नसेल. या दोन महिन्यांवर पोरीच्या इंजिनिअरिंगची फी भरतो. पाहुण्यापेक्षा गिऱ्हाईक बरं, सर. येतं, खातं, पैसे देतं, जातं. उपकार केल्यासारखं वागत नाही.'

मित्रहो, या बोलण्याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. मी माहेरचं जे चित्र मनात धरून बसलो होतो, ते जेवणाऱ्याच्या बाजूने काढलेलं चित्र होतं. जुन्या हुरड्यात आगटीभोवती कोण बसायचं, कणसं कोण चोळायचं, दूर उभं कोणाला राहावं लागायचं आणि कोणाच्या वाट्याला उरलेलं यायचं, हे गावात जातीने आणि मानाने ठरलेलं होतं. त्या मानाने माणशी बाराशे हा दर फार निःपक्षपाती आहे. पट्टा बांधताना कोणी जात विचारली नाही. पैशाने नात्याचा ओलावा घालवला हे खरं, पण पैशाने त्या ओलाव्याखालची दलदलही सुकवली, हेही तितकंच खरं. सहलींवरची आपली बहुतेक टीका पहिलं सत्य सांगते आणि दुसऱ्यापाशी गप्प बसते. माझीही त्या दुपारपर्यंत तशीच होती.

मग माझं म्हणणं मी मागे घेतो का? नाही. पण बदलून घेतो. पाहुणा चांगला आणि गिऱ्हाईक वाईट, असं मी आता म्हणत नाही. मी म्हणतो, की हिशेब पुरा मिटवून निघून जाणं म्हणजे विश्रांती नव्हे. ज्या दिवसाचं आपण कोणालाच काही लागत नाही, तो दिवस आपल्याला कुठे चिकटूनही राहत नाही. म्हणून सोमवारी आपण जसेच्या तसे असतो, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा नवं ठिकाण शोधतो. लोणावळा झालं, कास झालं, नाशिकचे द्राक्षमळे झाले, आता काय? ठिकाणं 'होतात'. हे क्रियापद तुम्ही कधी ऐकून बघा. परीक्षेचे पेपर होतात, तपासण्या होतात, तशी ठिकाणं होतात.

याहून वेगळं काही असू शकतं का? कल्पनेतलं नको, चालू असलेलं सांगतो. लातूर, धाराशिव, सोलापूरच्या भागात वेळ अमावस्या असते, बोलीत तिला येळवस म्हणतात. हुरड्याच्याच आगेमागे, डिसेंबर-जानेवारीत येते. शेतात कडब्याची कोप करतात, पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करतात, आणि मग जेवण. भज्जी, उंडे, आंबील, खीर. त्या दिवशी लातूर शहर रिकामं होतं, स्थानिक सुट्टी देतात. ज्याच्याकडे शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो, आणि बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात. नोकरीला पुण्या-मुंबईत असलेली माणसं त्यासाठी रजा टाकून गावी जातात, कारण अमावस्या काही रविवार बघून येत नाही.

येळवस निष्पाप आहे, असा माझा दावा नाही. तिथेही भज्जीसाठी आदल्या रात्रभर बायकाच जागतात. पण तिथे शहराचा माणूस शेतात जातो तेव्हा शेताची तिथी पाळतो. हुरडा पार्टीत शेताने शहराची तिथी पाळायची असते, आणि ती तिथी म्हणजे शनिवार-रविवार. सहलीची परीक्षा घ्यायला मला हा एवढा एक प्रश्न पुरेसा वाटतो: कोणाचं घड्याळ चाललंय? माझा विद्यार्थी मला जाताजाता सांगून गेला, की सीझनमध्ये त्याला एकही रविवार मोकळा मिळत नाही. भाकरी थापणाऱ्या त्या सहा बायांनाही नाही. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार असा गेटाच्या एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही.

यावर उपाय सांगण्याइतका मी मोठा नाही. जाऊ नका, असं सांगणं तर मूर्खपणाच होईल. तुम्ही गेला नाहीत, तर त्या मुलीची फी कोण भरणार? जा, पैसे द्या, घासाघीस न करता द्या. आणि पैसे दिल्यावरही थोडं देणं बाकी ठेवा. एकाच ठिकाणी दुसऱ्यांदा जा. भाकरी थापणारीला नाव विचारा, आणि पुढच्या वर्षी ते लक्षात असू द्या. 'वसूल' हा शब्द सहलीपुरता तरी जिभेवर आणू नका. त्यातून फुरसत मिळेलच, असं मी सांगत नाही. पण फुरसत जिथे उगवते, ती जमीन या असल्या न मिटलेल्या हिशेबांची असते, असं मला वाटतं.

शेवटी माझा स्वतःचा न मिटलेला हिशेब सांगतो आणि थांबतो. निघताना त्या विद्यार्थ्याने माझ्या मुलाला पैसे परत द्यायला काढले. 'सरांकडून पैसे घ्यायचे नाहीत' म्हणाला. मी हट्टाने नको म्हटलं. गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की नको म्हणताना मला सुटल्यासारखं वाटलं होतं. पैसे परत घेतले असते तर मी त्याचा पाहुणा झालो असतो. मग त्याला घरी जेवायला बोलवावं लागलं असतं, मुलीची चौकशी ठेवावी लागली असती. दिवसभर गिऱ्हाइकांवर टीका करणाऱ्या माणसाने संधी मिळताच मनगटावरचा पट्टा घट्ट धरून ठेवला होता.

होळी झाल्यावर मी त्याला फोन केला. बायकोला आणि मुलीला घेऊन जेवायला ये म्हटलं. तो म्हणाला, 'येतो की सर, फक्त रविवार नको.' मी म्हटलं, मला आता सगळे वार सारखेच आहेत, तुझा मोकळा वार सांग. अजून त्याने सांगितलेला नाही. मी वाट बघतोय.